ऑक्टोबरात सांडलेला उन्हाळा

माझा अख्खा उन्हाळा त्या पोराने एका दुपारात घालवला आणि वर मला म्हणतो कसा, "मावशी, होतं असं कधी कधी." होतं असं? दूध उतू गेलं तर म्हणावं, होतं असं. इथे माझ्या घरात सहा महिन्यांची गरोदर लेक, आणि हा बाबा हात पुसत मला होतं असं म्हणतोय! त्याच्या हातात पाना होता म्हणून बरं, माझ्या हातात असता तर काय झालं असतं ते सांगवत नाही.

मी अलका ढोमसे. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. नाशिकपासून नंदुरबारपर्यंत एकही घाट सोडला नाही, आणि मला कट मारून गेलेल्या एकाही ट्रकवाल्याला सोडलं नाही. लोक म्हणतात, ढोमसे बाईंचं तोंड फटकळ. आहेच मुळी. गोड बोलून आजवर माझं एकही काम झालेलं नाही.

आमच्या निफाडची थंडी तशी जुन्या काळापासून नावाजलेली. पण आताची थंडी वेगळी. ध्रुवाभोवती थंड वाऱ्यांचं एक कडं असतं म्हणे. ते पूर्वी घट्ट होतं, जग तापलं तसं सैल पडलं, आणि आता हिवाळ्यात त्याचा एखादा पदर घसरत थेट आमच्यावर येतो. उन्हाळ्यात पंचेचाळीस आणि डिसेंबरात उणे चार, असा आमचा कारभार. लाकूड-कोळसा जाळायला बंदी, कारण धूर थंड हवेखाली कोंडून राहतो आणि गावच्या गाव खोकत बसतं. विजेची शेगडी लावावी तर थंडीच्या लाटेत रात्रीची वीज फक्त दवाखान्यांना. सामान्य माणसाने गोधडीत शिरायचं आणि सकाळची वाट बघायची.

म्हणून ऊनकोठी आली. शास्त्र सोपं आहे, मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. एक मीठ असतं, सोडियम ॲसिटेट. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. उन्हाळ्यात छतावरच्या नळ्यांनी ते तापवलं की अठ्ठावन्न अंशांवर विरघळून पाण्यासारखं होतं. मग ते थंड झालं तरी पुन्हा गोठत नाही, नुसतं गोठायचं विसरून बसल्यासारखं पातळच राहतं. हात लावा, पिंप गार लागेल. पण वितळताना प्यायलेली सगळी उष्णता आत तशीच दडलेली असते, महिनोन् महिने. तिला उठवायला त्याच मिठाचा एक बारीक खडा आत पडावा लागतो. दुधात विरजण पडावं तसं. तो खडा पडला की त्याच्याभोवती खडे धरत जातात, बघता बघता सगळं पिंप घट्ट होतं आणि दडलेलं ऊन बाहेर येतं. बटण दाबलं की यंत्र एका पिंपात एक खडा सोडतं. एक पिंप आठ-दहा दिवस एक खोली उबदार ठेवतं. माझ्याकडे माणसाच्या उंचीची सहा पिंपं होती. डिसेंबर-जानेवारीची माझी सोय.

आणि यंदा ती सोय माझ्यासाठी नव्हतीच. ईश्वरी, माझी एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, फेब्रुवारीशिवाय किनाऱ्याला लागणार नव्हता. आल्या आल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सांगितलं, वार खाली आहे, लांबचा प्रवास बंद, बाळ दिवस भरायच्या आधीच येईल आणि लहानखुरं असेल. "खोली रात्रंदिवस पंचवीस अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही. अशी बाळं गारठ्याने हातची जातात," असं त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी म्हटलं, "सहा पिंपं भरलेली आहेत, बाई. बिनघोर राहा."

खंडेनवमीला तो आला. साईराज बोरगुडे, ऊनकोठीच्या कंपनीचा मिस्त्री, तिशीतला, चेहऱ्याने गरीब. थंडीआधीची तपासणी दसऱ्याच्या आत उरका असं वरून फर्मान होतं. मी सकाळीच ऊनकोठीला झेंडूची माळ घातली होती, हळदकुंकू लावून चार अक्षता वाहिल्या होत्या. नोकरीत असताना दर खंडेनवमीला बसची पूजा केलेली बाई मी, ऊनकोठीला कशी सोडीन?

सगळ्या पिंपांना खालून जोडणारी एक नळी असते, तिचं रबर बदलायचं होतं. नियम असा की मिस्त्रीने आपली हत्यारं गिऱ्हाइकासमोर उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे दुसरीकडून चिकटून आलेला खडा विरघळून जातो. मी पातेलं ठेवलंच होतं.

"राहू द्या मावशी," तो म्हणाला. "त्या पाण्याचा चहाच करा."

"अरे पण हत्यारं?"

"फडक्याने पुसलीत स्वच्छ. आणि ही माझी नाहीतच. माझे पाने पूजेत मांडलेत, आज उचलायचे नसतात. मित्राचे मागून आणलेत."

मला त्याचं कौतुकच वाटलं हो! म्हटलं, आजकालचा पोरगा, पण रीत पाळतो. मी त्या पाण्याचा आलं घालून चहा केला. तो दोन कप प्यायला.

त्याच्या मित्राने आदल्याच दिवशी त्या पान्याने एक गोठलेलं पिंप खरवडलं होतं, ते मला पुढे कळलं. शिवाय घाई होती म्हणून साईराजने एकेका पिंपाची तोटी बंद करून काम केलंच नाही. सहाही उघडी ठेवली.

आधी कट् कट् असा आवाज आला. मग व्हिनेगरचा वास. मी धावत गेले तर पहिलं पिंप हात लावू देईना, आणि दुसरं, तिसरं तापत चाललेलं. साईराज तोट्यांवर झटत होता, पण त्या घट्ट मिठात अडकून बसल्या होत्या. अर्ध्या तासात सहाच्या सहा पेटल्यासारखी गरम! ऑक्टोबरची दुपार, बाहेर मुळातच ऊन तापलेलं, आणि माझ्या घराची भट्टी झाली. ईश्वरी पोट धरून घामाने निथळत बाहेर आली. तिला अंगणात बसवून आम्ही सगळी दारं-खिडक्या उघडली आणि पंखे लावून ती ऊब बाहेर ढकलली. माझ्या नातवंडाची डिसेंबरातली ऊब मी माझ्या हातांनी खिडकीतून फेकत होते. तेव्हाच तो म्हणाला, होतं असं कधी कधी.

पुन्हा भरायची म्हटलं तर उन्हाळ्याचं दोन-तीन महिन्यांचं ऊन हवं, आणि ऑक्टोबरचं ऊन पंधरा दिवसांत उतरतं. हिवाळ्यातलं ऊन अंघोळीच्या पाण्यालाच जेमतेम पुरतं.

दिवाळी झाल्यावर मी कंपनीच्या ऊबदालनात गेले. म्हणजे त्यांचं दुकान हो. हमरस्त्याला लागून मोठं काचेचं दालन, मागच्या भिंतीशी दिवे सोडलेली सहा चकचकीत, भरलेली पिंपं, गुबगुबीत सोफे, फुकट कॉफी, आणि बाहेर कितीही काकडा असला तरी आत सव्वीस अंश. गिऱ्हाइकाने बसावं, सुखावावं आणि सही करावी. तिथले व्यवस्थापक कौस्तुभ रणदिवे. गळ्यात पट्टा, तोंडात साखर.

"ताई, आम्हाला खूप वाईट वाटलं," ते म्हणाले. "वाया गेलेल्या उष्णतेची भरपाई चालू दराने तुमच्या खात्यावर टाकतो."

"चालू दर म्हणजे?"

"ऑक्टोबरचा."

"ऑक्टोबरात ऊब कोणाला हवी असते? तिचा काय दर असणार? अहो, मला पैसे नकोत, मला ऊब परत द्या. डिसेंबरात पैसे पांघरून झोपवू का बाळाला?"

त्यांची साखर थोडी कमी झाली. "तसं बघायला गेलं तर चूक तुमचीही आहे. मिस्त्रीने कळवलंय की तुम्ही यंत्रावर अक्षता टाकल्या. बाहेरचा कण आत गेला. नियमाने आम्ही काहीच देणं लागत नाही."

माझं डोकंच फिरलं. माझ्या तांदळावर ढकललं मेल्याने! दोन कप चहा पिऊन गेला माझ्या हातचा, आणि माझ्याच पूजेवर बिल फाडलं! मी तिथे काय काय बोलले ते लिहीत नाही. सोफ्यावरचं एक जोडपं कॉफी तशीच ठेवून निघून गेलं एवढं सांगते.

साईराजला मी उगावच्या रस्त्यावर गाठलं. एका बंगल्यातून काम आटपून निघाला होता. मी माझी गाडी त्याच्या मोटारसायकलीच्या पुढ्यात आडवी घातली.

"उतर खाली."

"मावशी, ऐकून तर घ्या..."

"मावशी म्हणू नकोस मला. अक्षतांनी झालं?"

तो मोटारसायकलीवरून उतरला. मग म्हणाला, "रणदिवे साहेबांनी सांगितलं तसं बोललो. नाहीतर नोकरी गेली असती. घरी दोन पोरी आहेत."

"आणि माझ्या घरी कोण आहे ते बघून गेलास ना तू? तिच्यासमोर बसून चहा प्यायलास. चुकलास त्याबद्दल मी तुला एकदा बडबडले असते नि सोडून दिलं असतं. पण खोटं बोलून माझ्या लेकीच्या जिवावर आपली नोकरी वाचवतोस? तक्रार मंडळापुढे तारीख लागलीय. खरं बोलणार असलास तर ये. नाहीतर पुन्हा माझ्या नजरेला पडू नकोस."

वाटलं नव्हतं, पण तो आला. तालुक्याच्या तक्रार मंडळाच्या अध्यक्षबाई शांत होत्या, सगळं नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांनी बोलावलेल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांनी दोन वाक्यांत निकाल लावला. तांदूळ असो, कुंकू असो, या मिठाला ते उठवत नाही, त्याला त्याच्याच जातीचा खडा लागतो. आणि पिंपातल्या तापमापकांप्रमाणे उष्णता सुरू झाली ती खालच्या नळीपाशी. अक्षता वर झाकणावर होत्या. मग अध्यक्षबाईंनी साईराजला विचारलं. त्याने पान्याचं, पाण्याचं, उघड्या तोट्यांचं, सगळं कबूल केलं. अक्षतांचं खोटं कोणी शिकवलं तेही सांगितलं. रणदिव्यांच्या वकिलांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

निकाल लागला. कंपनीने ढोमसे यांना पैशात नव्हे तर उष्णतेतच भरपाई द्यावी, सहा भरलेली पिंपं, थंडीची पहिली लाट येण्याच्या आत. मी बाहेर आले आणि ईश्वरीला फोनवर ओरडूनच सांगितलं. ती रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

डिसेंबर उजाडला आणि हवामानखात्याने लाटेचा इशारा दिला. दुसऱ्या सकाळी कंपनीचा ट्रक दारात उभा राहिला, मागे सहा पिंपं. भरलेली पिंपं अशी नेता येतात. हादऱ्याने ती उठत नाहीत, खडाच पडावा लागतो. चालवत साईराजच आला होता. माझ्याशी एक अक्षर न बोलता दोर सोडायला लागला. मी म्हटलं, असेल बापडा शरमिंदा.

मग मला दिसलं. एका पिंपावर खडूने काढलेलं घर, शेजारी दोन वेण्यांच्या दोन मुली, आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत 'पप्पा'.

"ही पिंपं कुठली रे?"

"कंपनीची."

"साईराज, मी तुला विचारतेय."

त्याने दोर हातातून टाकला. "माझ्या घरची. कामगारांना सवलतीत देतात. करारात आहे, मिस्त्रीच्या चुकीची भरपाई मिस्त्रीकडून. मंडळापुढे मी चूक कबूल केली ना, मग काल येऊन काढून नेली. राहू द्या मावशी. तुमचा हक्क आहे. आमच्या पोरी धडधाकट आहेत."

"किती वर्षांच्या?"

"धाकटी तीनची."

तो मळ्यात राहतो, पत्र्याच्या घरात. तिथे उणे चारचे उणे सहा होतात. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मला शब्द सुचेना, आणि मला शब्द न सुचणं म्हणजे काय ते आमच्या डेपोत विचारा. मी न्याय मागायला गेले होते. यांनी मला एका पोरीचं पांघरूण ओढायला लावलं, आणि खाली न्याय म्हणून सही घ्यायची!

ईश्वरी दारात उभी होती, सगळं ऐकत. आठवा लागला होता, पाय सुजलेले. ती हळूच म्हणाली, "आई, उतरवून घे."

"काय?"

"उतरवून घे ना. मला माहितीय ते वाईट आहे. पण मला भीती वाटते. माझं बाळ लहान आहे गं." आणि मग एकदम चिडून, "तुझा राग तुझ्याजवळ ठेव! तुझ्या रागापायी माझ्या बाळाला काही झालं तर?"

माझा हात खरंच त्या पिंपाकडे गेला. एक क्षण मी त्या पोरींचा विचार टाकून दिला होता, हे कबूल करते. मग पिंपाचा गार पत्रा हाताला लागला आणि मी हात मागे घेतला.

"ईश्वरी, चप्पल घाल," मी म्हणाले. "उश्या घे, दोन गोधड्या घे, डिंकाच्या लाडवांचा डबा घे. साईराज, तू बाजूला सरक. ट्रक मी चालवते."

"आई, कुठे?"

"सव्वीस अंशांत."

डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, गावातल्या गावात, हळू, चालेल ना? त्या हो म्हणाल्या. आयुष्यात कधी चालवली नसेल इतकी हळू गाडी मी त्या दिवशी चालवली. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून दमला.

ऊबदालनाच्या काचेच्या दाराला मी ट्रक असा आडवा लावला की एक माणूस जेमतेम आत जाईल. ईश्वरीला हात धरून आत नेलं आणि सर्वांत मोठ्या सोफ्यावर गोधडी घालून आडवी केली. पायाखाली उशी दिली. शेजारच्या टेबलावरची रंगीत पत्रकं बाजूला सारून लाडवांचा डबा ठेवला. थंडीच्या भीतीने त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती. सगळे बघायला लागले.

रणदिवे धावत आले. "ताई, हे काय चाललंय?"

"बाळंतपण."

"इथे?"

"तुम्ही मला ऊब देणं लागता. माझ्या घरात ती नाही, इथे आहे. मग इथेच घेते."

"पण भरपाई पाठवली ना आम्ही! ट्रकमध्येच आहे की!"

"कोणाची आहे ती?" मी आवाज चढवला. "मंडळाने सांगितलं कंपनीने द्यावी. तुम्ही याच्या तीन वर्षांच्या पोरीच्या अंगावरची काढून मला देताय? ऐका हो सगळ्यांनी! उद्या तुमच्याकडे यांच्या हातून काही मोडलं, तर हे असेच एखाद्याच्या घरातून उचलून आणतील!"

एक म्हातारे गृहस्थ सही करायला बसले होते. त्यांनी पेन टोपणात घालून खिशात ठेवलं.

"ताई, हळू बोला," रणदिवे म्हणाले. "उष्णता ती उष्णता. तिच्यावर काय नाव असतं का कोणाचं?"

"असतं. जा, बघून या ट्रकमध्ये. खडूने लिहिलंय."

त्यांनी पोलिसांचं नाव काढलं. मी म्हटलं, बोलवा, आठव्या महिन्याच्या बाईला थंडीत कोण बाहेर काढतंय ते मलाही बघायचंय. तेवढ्यात सोफ्यावरून ईश्वरीचा आवाज आला. मला वाटलं, ही आता माझ्यावरच ओरडणार. पण ती रणदिव्यांना म्हणाली, "साहेब, तो कोपऱ्यातला दिवा बंद करता का? डोळ्यांवर येतोय. आणि माझ्यासाठी दूध सांगा, कॉफी चालत नाही मला."

रणदिव्यांनी फोन काढून वरच्यांना लावला. पलीकडून बरंच काही ऐकून घेतलं, दोनदा "हो साहेब" म्हणाले. साईराज दाराशी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघून मी रणदिव्यांना सांगितलं, "आधी हा ट्रक याच्या घरी जाऊन रिकामा होईल, पिंपं होती तिथे बसतील. मग ही भिंतीजवळची सहा माझ्या घरी. तोवर लेक इथून हलणार नाही."

रणदिव्यांनी फोनवर हात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ताई, वरचे विचारतायत, तुम्ही इथे साधारण किती दिवस बसणार?"

मी गोधडीचं टोक ईश्वरीच्या पायांखाली खोचलं.

"डॉक्टर म्हणतात, बाळाला अजून दोन-तीन आठवडे आहेत," मी म्हणाले. "आणि बाळ आलं की आमच्यात बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही."

रणदिव्यांनी ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मग फोन खिशात ठेवून साईराजला म्हणाले, "तू ट्रक घेऊन घरी जा. आणि जाताना क्रेनवाल्याला इकडे पाठव, ही सहा उचलायला."